छातीच्या फोटोचा हुतूतू

काझी डॉक्टरांच्या एक्स-रे बघायच्या खोलीत फरशीवर खडूची एक रेघ असायची. त्या रेघेच्या अलीकडे उभं राहून मी जेवढा घाबरलो, तेवढा पुढे सगळ्या डॉक्टरकीत कधी घाबरलो नाही. रेघेच्या पलीकडे भिंतीला दुधी काचेची पेटी टांगलेली, तिच्या आत दिवा आणि काचेवर कुणाच्या तरी छातीचा फोटो. खेळ तसा साधा होता. अलीकडे उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, हुतूतू म्हणत रेघ ओलांडायची, हातातली वेताची छडी फोटोवर टेकवून दिसेल त्या हाडाचं, नळीचं, पडद्याचं नाव घेत जायचं. दोन नावांच्या मध्ये हुतूतू चालूच ठेवायचं, म्हणजे मधेच श्वास चोरला की सगळ्यांना कळतं. दम संपायच्या आत रेघेच्या अलीकडे परत यायचं. नाव चुकलं की समोरचा गडी ओरडणार, "पकड!" आणि चूक काय ती त्याने छडीने दाखवली की तुम्ही बाद. एकाच फोटोवर दोन्ही बाजूंचा डाव व्हायचा; एकाने घेतलेलं नाव दुसऱ्याने घ्यायचं नाही, उरलेलं शोधायचं. डॉक्टर खुर्चीत बसून पंच व्हायचे, आणि त्यांच्यासारखा निर्दयी पंच मी हुतूतूच्या मैदानावरसुद्धा पाहिला नाही.

या खेळात आम्ही तिघं होतो आणि तिघंही नापास होतो. औरंगाबादेत मेडिकलच्या पहिल्या परीक्षेला शरीररचनेच्या तोंडीत आमची विकेट पडली होती. माझी तर फारच शोभिवंत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि एका सावलीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. ते खांद्याचं पातं होतं. मी ठामपणे "फुफ्फुसाचा पडदा" म्हणालो. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, शिक्षक आहेत. त्यावर ते जे हळहळले, तसं हळहळणं मी फक्त मयतीला पाहिलं आहे.

नापास झाल्यावर आम्ही आपापल्या घरी परतलो, मी जालन्याला. दिगंबर घनसावंगीकडचा, ऊस आणि कापूस पिकवणाऱ्या मोठ्या घरातला, अंगाने पैलवान. जालन्यात खोली घेऊन राहायचा, आणि दर आठवड्याला गावाहून येताना गूळ-शेंगदाण्याची पिशवी आणायचा. ती खोलीपर्यंत कधी पोचायची नाही. कुसुम अंबडची, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. लेखी पेपरात पहिल्या दहात असावी, पण तोंडीला परीक्षक मोठ्याने बोलले की तिची वाचाच बसायची. ती रोज एस.टी.ने यायची. गुडघ्याच्या थोडी वर थांबणारी एकच वेणी, हातात डबा, आणि तोंडावर कायम असा भाव की आम्ही दोघं म्हणजे तिच्या वाट्याला आलेलं काहीतरी पाप आहे. सामन्यात आम्ही दोघं एका बाजूला आणि ती एकटी. दिगंबर पहिल्या दिवशी उदारपणे म्हणाला, "सर, पोरगी एकटी हाये, तिला एखादा गडी द्या की." डॉक्टर म्हणाले, "उसकू नक्को. तुमकू होना तो बोलो."

काझी डॉक्टर हैदराबादला शिकलेले. उंच, सुकलेले, पांढरा कोट आणि पायात चामड्याचे चढाव. जुन्या जालन्यात त्यांच्या वाडवडिलांच्या घराच्या पुढल्या भागात एक्स-रेचं यंत्र होतं; ते चालू झालं की अख्ख्या गल्लीतले दिवे क्षणभर मंदावायचे आणि पानवाला ओरडायचा, "डॉक्टरसाब, किसकी हड्डी?" तरुणपणी डॉक्टर हुतूतू खेळलेले. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला त्यांच्याकडे नेलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पुस्तकातलं चित्र धरलं. मी धडाधड सगळी नावं सांगितली. मग फोटो धरला, मी गप्प. डॉक्टर अण्णांना म्हणाले, "मास्तर, तुमचा पोरगा पाठ करून राह्यला, बघून न्हाई राह्यला. याला खेळवावं लागंल."

आणि खरंच, खेळाने आम्हाला वेड लावलं. जो दिगंबर पुस्तक उघडलं की जांभया द्यायचा, तो बैलाच्या बरगड्यांवरून हात फिरवत मोजायला लागला. त्याच्या घरच्यांना वाटलं, पोरगा जनावरांच्या दवाखान्याला लागला. मी घरी चुलीपुढे भाकरी खाता खाता दम धरायचा सराव करायचो. आमचं घर जिनिंगच्या भिंतीला लागून. भोंगा झाला की दिवस सुरू व्हायचा, हंगामात कापसाची बारीक पिसं अंगणात, माठावर, पिठात, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीच्या चौकटीवर बसायची. सकाळी अण्णा त्रिशरण म्हणायचे, मागून स्टेशनवरच्या मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या मधोमध मायचा खोकला. माय चुलीशी बसून खोकायची. मिरची लागली, म्हणायची. मिरची नसलेल्या दिवशी धूर लागला म्हणायची. येसराचा मसाला भाजायला बसली की खोकता खोकता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागायचा. मी तिकडे कान देत नव्हतो, कारण मी हुतूतू करत होतो.

"काय रे उत्तम," ती म्हणायची, "डॉक्टर व्हायला गेल्तास का कबूतर व्हायला?"

आता खरं सांगायचं तर माझा हुतूतू लबाडीचा होता. डॉक्टरांकडे शिकवायचे म्हणून ठेवलेले जुने फोटो ठरलेलेच. ते आलटून पालटून काचेवर लागायचे. नावाचा कोपरा कागदाने झाकलेला असला तरी प्रत्येक फोटोला काही ना काही खोड होती. एकावर चहाचा थेंब वाळलेला, एकाचा कोपरा उंदराने खाल्लेला, एकावर नखाचा ओरखडा. मी त्यांची नावंही ठेवली होती: चहावाला, उंदऱ्या, ओरखड्या. चहावाला लागला की मला कळायचं की यात सगळं ठीकठाक आहे; उंदऱ्याची डावी सहावी बरगडी मोडलेली; ओरखड्याचं हृदय मोठं. एकदा खूण पटली की मी फोटोकडे बघायचोच नाही, डोळे अर्धे मिटून छडी फिरवायचो आणि पोपटासारखा बोलायचो. सगळ्यात लांब दम माझा, सगळ्यात जास्त नावं माझी. दिगंबर पाठीत गुद्दा घालून म्हणायचा, "उत्त्या, लेका, तुझ्या डोळ्यात मशीन हाये!" कुसुम मात्र गप्प राहून माझ्या डोळ्यांकडे बघायची. फोटो मी बघतोय की नाही, हे बघायची.

एका दुपारी चहावाला लागला. पडदे ओढलेले, खोलीत पेटीचा निळसर उजेड. मी श्वास भरला, रेघ ओलांडली आणि सुटलो. "ट्रॅकिया, हुतूतू, एओर्टाची कमान, हुतूतू, हृदयाचा डावा कप्पा, हुतूतू…"

"पकड!" कुसुम ओरडली. एवढ्या मोठ्याने ती तोंडीला ओरडली असती तर नापास झाली नसती.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "उत्तम, दिल किधर है?"

"डावीकडं, सर. म्हणजे आपल्या उजव्या हाताला."

"और छडी किधर है?"

मी पाहिलं. छडी बरोबर उजव्या हाताला होती. तिथे काळीभोर हवा होती. हृदय दुसऱ्या बाजूला शहाण्यासारखं बसलेलं. डॉक्टरांनी मुद्दाम फोटो उलटा लावला होता. पाठीची बाजू पुढे. चहाचा थेंबही दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता, पण मला थेंब दिसला एवढं पुरे होतं. बाकी माणूस कुणीकडे तोंड करून उभा आहे, याच्याशी मला काय करायचं होतं? दिगंबर हसता हसता बाकावरून खाली बसला. डॉक्टर हसले नाहीत. "दाग पढ रा तू," ते म्हणाले. "आदमी नै पढ रा. दवाखान्यात पेशंट येणार, त्याच्यावर चहाचा डाग राहणार का रे?"

त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले नाहीत, पण अण्णा त्यांच्याकडे जाऊन आले. जेवताना अण्णा म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हणले, परीक्षेआधी एक सामना उरलाय. त्यात ताजे फोटो लावणार, कुणी न बघितलेले. त्यात तू उभा राहिलास तर परीक्षेला बस. न्हाई तर यंदा बसू नको. दुसऱ्यांदा नापास झालं की पोराचं मन मोडतं, असं म्हणले." त्यांनी ताट सरकवलं. "मी त्यांचं ऐकणार हाये, उत्तम."

अण्णांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आमच्या वस्तीतून मी पहिला मेडिकलला गेलेला. मी गेलो त्या दिवशी विहाराशी लोक जमले होते, म्हाताऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली होती, आणि आताही रस्त्यात कुणी भेटलं की "डॉक्टरसाहेब" म्हणायचं. थट्टेने नव्हे, हेच तर अवघड होतं. परीक्षेला न बसता घरी राहिलो तर त्या हाकेला ओ कशी देणार होतो? माय भाकरी थापता थापता म्हणाली, "बसंल तो. बघायला शिकंल." आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली. अंगणातून खोकल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. तिचा भाऊ, माझा मामा, असाच खोकता खोकता गेला होता. तेव्हा मी लहान होतो. आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. मीही घेतलं नाही. मला बरगड्या पाठ करायच्या होत्या.

पुढचे दिवस मी खरोखर बघायला शिकलो, म्हणजे शिकायचा प्रयत्न केला. खूण नसलेला फोटो समोर आला की तो मला ढगासारखा दिसायचा. कुसुमने, का कोण जाणे, एक युक्ती सांगितली. "बाहेरून आत ये. आधी हाडं, मग काठ, मग आतलं. अन जिथं काही दिसत न्हाई, तिथं जास्त बघ." मी म्हणालो, "तू मला का सांगतीस? तू तर समोरची." ती म्हणाली, "मेलेल्या गड्याला बाद करण्यात काय मजा?"

सामन्याच्या आदल्या दिवशी मी परतूरला मावशीकडे गेलो होतो. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. माय अंगणात बसली होती, केस नुकतेच विंचरलेले, नेहमीपेक्षा गप्प. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, बाजारात गेल्ते, उन्हाचं डोकं दुखून राह्यलं. मी आत जाऊन श्वास धरायला बसलो.

सामन्याच्या दिवशी खोली फार लहान वाटली. डॉक्टरांच्या घरातून खिचडी आणि चिंचेचा खट्टा आला होता, पण दिगंबरनेसुद्धा ताट बाजूला ठेवलं, यावरून काय ते समजा. पहिल्या फोटोला दिगंबर सातव्या नावावर बाद झाला. दुसऱ्याला कुसुम गेली आणि परत आली. मग डॉक्टरांनी तिसरा फोटो काचेवर सरकवला. अजून डेव्हलपरचा आंबूस वास येत होता. कोपरा कागदाने झाकलेला. "उत्तम," ते म्हणाले.

मी श्वास भरला आणि रेघ ओलांडली. डाग नाही, ओरखडा नाही, उंदराने खाल्लेला कोपरा नाही. हुतूतू, हुतूतू. बाहेरून आत ये. मी छडी खांद्याला टेकवली. ह्यूमरस, दंडाचं हाड. हुतूतू. खांद्याचं पातं, या वेळी बरोबर, परीक्षकांना स्मरून. हुतूतू. बरगड्या, वरून खाली. हुतूतू. डायफ्रॅम, छातीखालचा पडदा, उजवा थोडा वर, डावा खाली. हृदय, जिथे असायला हवं तिथे. मला दिसत होतं! खरंच दिसत होतं, ढगातून डोंगर दिसायला लागतात तसं. मी वर आलो, गळ्याखालच्या आडव्या हाडावर, हासळीवर. डावी हासळी सरळ, नितळ. उजवी हासळी… हुतूतू… उजव्या हासळीच्या मधोमध एक गाठ होती. जुना मोड, वाकडा सांधलेला.

ती गाठ मला माहीत होती. डोळ्यांना नव्हे, बोटांना. लहानपणी झोप येईना की मी मायच्या गळ्याशी हात घालून त्या गाठीवर बोट ठेवायचो. एक टेकडी, एक उतार, पुन्हा सपाट. माहेरी पंचमीला लिंबाच्या झोक्यावरून पडली होती ती, लग्नाच्या आधी, आणि हाड वाकडं बसलं हे सासरी कळू नये म्हणून जन्मभर त्या खांद्यावर पदर ओढून राहिली. त्या गाठीचा उतार मी अंधारात हजारदा चढलो-उतरलो होतो. आणि त्या गाठीच्या खाली, फुफ्फुसाच्या शेंड्यावर, एक पांढरट, लांबट सावली होती.

माझा हुतूतू थांबला. मला वाटतं दम अजून होता, पण तो कुठे गेला कळलं नाही.

"बाद," दिगंबर हळूच म्हणाला. मग माझं तोंड बघून, "उत्त्या? काय झालं रे?"

"जुनं फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खूश होता. "शाबास. हे मी पण कल नै देखा. कैसे देखा?"

मी म्हणालो, "सर, ही माझी माय आहे."

खोलीत पेटीच्या दिव्याची घुंई ऐकू यायला लागली. डॉक्टर उठले. "ठकूबाई," ते पुटपुटले, "बाजारच्या दिवशी आलेली बाई. ठकूबाई बोली थी." ठकूबाई हे मायचं माहेरचं नाव. सासरी ती सुभद्रा. लेकराची परीक्षा आहे, त्याला कळायला नको, म्हणून ती आमच्या घरात कुणी घेत नाही ते नाव सांगून आली होती. डॉक्टरांनी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात लांब करून पेटीचा दिवा घालवला. "बेटा, खेल खतम," ते म्हणाले. "मुझे शक है. थुंकी तपासायला बोललोय. तू घरी जा."

मी बाकावर बसलो. मामाचा खोकला मला आता अगदी जवळ ऐकू यायला लागला, आणि त्यात मायचा मिसळलेला. किती महिने? मिरची, धूर, येसर. मी शेजारी बसून श्वास धरत होतो आणि तिचा पुरत नव्हता.

"सर," कुसुम म्हणाली, "माझा डाव राहिलाय."

दिगंबर तिच्यावर धावलाच. "अगं, माणूस हायेस का काय? त्याची माय हाये ती! तुला डाव सुचून राह्यला?"

"दिवा लावा, सर."

"कुसुम, नक्को," डॉक्टर म्हणाले.

"सर, फोटो लागला की दोन्ही बाजूंचा डाव होतो. तुमचाच नियम हाये." तिचा आवाज कापत होता, पण बसला नव्हता. "लावा दिवा."

डॉक्टरांनी दिवा लावला. मायच्या बरगड्या पुन्हा उजळल्या. मला तिकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना. कुसुमने श्वास भरला, रेघ ओलांडली. उरलेली नावं ती शांतपणे घेत गेली. हुतूतू. हायलम, फुफ्फुसाचा देठ. हुतूतू. फुफ्फुसाचा काठ. हुतूतू. तिने छडी त्या सावलीच्या खालच्या टोकाला ठेवली. मी डोळे मिटले. हुतूतू, हुतूतू, हुतूतू, नाव येईना. मी डोळे उघडले. ती छडी सावलीच्या काठाने वर नेत होती. पहिली बरगडी ओलांडली, गाठ ओलांडली, फुफ्फुसाचा शेंडा ओलांडला, आणि छडी थांबली नाही. सावली छातीतून निघून सरळ मानेत गेली होती, आणि तिच्यात आडव्या तिडव्या बारीक रेघा होत्या, कणसाच्या दाण्यांसारख्या एकाआड एक. हुतूतू, हुतूतू. कुसुमचा चेहरा लाल झाला. "फुफ्फुस," ती शेवटच्या दमात म्हणाली, "मानेत नसतं!" आणि मागे हात घालून स्वतःची वेणी उजव्या खांद्यावरून पुढे ओढली, छातीवर सोडली, आणि रेघेच्या अलीकडे येऊन धापा टाकत म्हणाली, "पकड."

डॉक्टर फोटोजवळ गेले, इतके जवळ की नाक काचेला लागलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "या अल्ला," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसले. बायकांचा फोटो काढताना डॉक्टर त्यांच्याकडे बघत नसत. फिल्मच्या पत्र्याकडे तोंड करून, छाती त्याला टेकवून उभं राहायला सांगायचे आणि स्वतः भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. डोक्यावरचा पदर काढायला तर त्यांनी उभ्या जन्मात कुणा बाईला सांगितलं नव्हतं. मायची वेणी पदराखाली, छाती आणि पत्र्याच्या मधे, निवांत लटकत राहिली होती. माझ्यासारखा डागांचा पंडित समोर उभा, आणि आयुष्यातला एकमेव कामाचा डाग मला ओळखू आला नव्हता.

"शक," डॉक्टर बोट वर करून म्हणाले. "अभी शक कम हुआ. खतम नै हुआ. अम्मा को लाओ. आत्ता."

मी पुलावरून पळत घरी गेलो. माय चुलीशी होती. "चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"काझी डॉक्टरकडं. फोटो परत काढायचाय."

तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. "तुला कुणी सांगितलं? त्या डॉक्टरनं? मी त्याला नाव सुदिक…"

"तुझ्या हाडानं सांगितलं," मी म्हणालो. "झोक्याच्या."

तिने पदर खांद्यावर ओढला, नेहमीच्या जागी. मग विचारलं, "कुणाकुणासमोर दिसलं ते?" एवढ्या वेळात तिने आजाराचं काही विचारलं नाही. वाटेत मी वेणीचं सांगितलं. ती पुलावर एकदा थांबली, खोकली, आणि माझ्या मनगटाला धरून पुढे चालायला लागली. तिचा हात पिठाने कोरडा आणि थंड होता.

परीक्षेचं काय झालं, ते इथेच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याला ती चिंता असेल. मला त्या वेळी नव्हती. डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं, "भेज दो, देखने लगा." मी बसलो आणि काठावर पास झालो. पुढे फोटो बघणं हाच माझा धंदा झाला. माझ्या खोलीत आजही बाई फोटोला आली की पहिलं वाक्य तेच असतं: केस वर बांधा. तरुण डॉक्टर हसतात, सर वेणीच्या मागे लागलेत म्हणून. मी त्यांना हसू देतो आणि एखादा बिनखुणेचा फोटो लावून खडू शोधायला लागतो.

त्या संध्याकाळी कुसुम मायला घेऊन शेजारच्या यंत्राच्या खोलीत गेली. आम्ही बाहेर, पेटीच्या खोलीत. आतून तिचा आवाज आला, "मावशी, पदर मी धरते, तुम्ही केस वर घ्या. थांबा, माझे आकडे लावते." मग डॉक्टरांचा, घड्याळाकडे बघत असावेत असा: "अम्मा, साँस भरो. रोको." गल्लीतले दिवे मंदावले. पानवाल्याने या वेळी काही विचारलं नाही. माझ्या लक्षात आलं की मीही श्वास रोखला आहे, खडूच्या रेघेवर उभा राहून, आणि आतून "छोडो" ऐकू आलं तरी मला तो सोडता येईना. दिगंबरने पाठीत धपाटा घातला तेव्हा सुटला.

फोटो धुऊन यायला वेळ लागला. डॉक्टर अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले तेव्हा फोटोच्या खालच्या काठावरून पाणी गळत होतं. त्यांनी तो तसाच पेटीवर धरला आणि बघितला. छडी कुसुमच्या हातात दिली. मी रेघेच्या अलीकडे भिंतीला टेकलो. माय माझ्याशेजारी, अंबाडा डोक्यावर उंच बांधलेला, अनोळखी दिसत होती. कुसुमने श्वास घेतला. हाडं. काठ. हासळी, जुना मोड. मग उजव्या शेंड्यावर छडी थांबली, आणि हुतूतू, हुतूतू, हुतूतू करत ती तिथे इतका वेळ फिरली की मला भिंत सरकल्यासारखी वाटली. जिथं काही दिसत न्हाई, तिथं जास्त बघ. मग छडी खाली आली, दुसऱ्या बाजूला गेली, पडद्यापर्यंत उतरली. "साफ," कुसुम म्हणाली. "दोन्ही बाजू साफ." आणि दम टिकवून रेघेच्या अलीकडे आली.

डॉक्टरांनी मान हलवली. "कापसाची पिसं," ते मायला म्हणाले. "जिनिंग चालू असली की नाकावर पदर बांधायचा, अम्मा. थुंकी तरी पण तपासू. पण हे…" त्यांनी ओल्या फोटोवर बोट टेकवलं, "हे साफ है."

मायला त्यातलं किती कळलं, कुणास ठाऊक. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, आपल्या गाठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या कुसुमकडे, खडूच्या रेघेकडे.

"खेळ चालू हाये का हा?" तिने विचारलं. "जिंकलं कोण?"

"ही जिंकली, मावशी," दिगंबर म्हणाला. "मी अन उत्तम हारलो. साफ हारलो."

मायने वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड काही केल्या मिटत नव्हतं.

"मंग ह्यो येडा," ती म्हणाली, "हसून काय राह्यला?"